बिब्बा, भिलावा, बलादुर

शनिवारी सकाळी जालन्यात मस्तगडच्या रस्त्यावर शटरं अर्धीमुर्धी वर गेलेली असतात तेव्हा एक सायकलवाला येतो. हँडलला लिंबू-मिरच्यांच्या माळा टांगलेल्या. तो काही विचारत नाही, दुकानदारही काही बोलत नाही. गेल्या शनिवारची सुकलेली माळ तोडून रस्त्यावर टाकायची, नवी खिळ्याला अडकवायची, पैसे हातावर ठेवायचे, एवढाच व्यवहार. उभ्या रिक्षांच्या पुढच्या बंपरलाही तशीच एकेक माळ लागते. हिरव्या मिरच्या सगळ्यांना दिसतात, पिवळं लिंबू दिसतं. लिंबाखाली दोऱ्यात ओवलेला, चपटा, हृदयाच्या आकाराचा काळा तुकडा कुणाच्या नजरेत भरत नाही. खरं तर नजर खेचून घेण्याचं काम त्याच्याकडेच दिलेलं असतं.

तो बिब्बा. आमच्याच गल्लीतल्या शेजारणी त्याला भिलावा म्हणत. आणि युनानी औषधं करणाऱ्या हकिमाच्या पुडीवर त्याचं नाव असे बलादुर. काष्ठौषधीच्या दुकानात मात्र पोतं एकच. तीन गिऱ्हाइकं तीन नावांनी मागणार आणि दुकानदार त्याच पोत्यातून काढून देणार. ही तीन नावं एका गावात कशी जमली ते सांगायचं तर बरंच लांब, बगदादपर्यंत जाऊन परत यावं लागतं.

आधी वस्तू नीट पाहू. बिब्ब्याचं झाड आपल्याकडच्या कोरड्या, पानगळीच्या रानात वाढतं. फळ काजूच्या घाटणीचं: वर नारिंगी, मांसल बोंड आणि त्याच्या टोकाला काळं, गुळगुळीत बी. बोंड वाळवून लोक आवडीने खातात. बिया वाळल्या की बिब्बे म्हणून बाजारात येतात. बीच्या टरफलात मधाच्या पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांत जाड, काळसर तेल भरलेलं असतं. या फळाची सगळी कीर्ती, सगळी बदनामी त्या तेलाची. टरफलाच्या आत पांढरा गर असतो, ती गोडंबी. चारोळीच्या जातीची चव, आणि अगदी निरुपद्रवी. बाहेर आग, आत मेवा, अशी याची रचना.

माझ्या आजीकडे बिब्बे एका पत्र्याच्या डबीत असत, ओव्या-सुंठीच्या डब्यांपासून वेगळे. रानातून मामा यायचा तेव्हा त्याच्या टाचांना भेगा पडलेल्या असत, बोट जाईल एवढ्या. आजी त्याला भिंतीला टेकून बसवायची. दाभणाच्या टोकाला एक बिब्बा टोचायची आणि चिमणीच्या ज्योतीवर धरायची. आधी नुसता धूर, मग चर्र असा बारीक आवाज, आणि टरफलातून तेल पाझरू लागलं की दाभण झटकन टाचेवर. थेंब भेगेत बरोबर मधोमध पडायचा, कडेच्या चांगल्या कातडीवर नाही. मामा ओठ आवळून छताकडे बघत राहायचा. मी वाकून पाहायला गेलो की आजी न वळताच म्हणायची, "लेकरा, मागं सर. धूर लागला तरी उतंल तुला."

‘उतणं’ हा या कामातला खास शब्द. दूध उततं तसा बिब्बाही उततो, म्हणजे अंगावर फुटतो. आजीच्या हाताला खोबरेल लावलेलं असायचं, ते कशासाठी हे मला फार उशिरा कळलं. चिखल्या, चामखीळ, मोडलेला काटा, मुरगळलेला घोटा, सगळ्यांवर तिच्याकडे बिब्बा होता. खोकल्याला तर ती तापवलेल्या बिब्ब्याचा थेंब दुधात पाडायची, एकच. दुसरा पडला तर ते दूध मोरीत जायचं. भेग त्या तेलाने बुजायची की आतली कातडी जळून नवी यायची, की मामाच त्या चटक्याच्या धास्तीने पायांत जोडे घालू लागायचा, हे मी आज छातीठोकपणे सांगणार नाही. पण मोजून एक थेंब टाकणारा तो हात मी पाहिला आहे.

असल्या आज्यांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलं का? आयर्लंडमध्ये ठेवलं. तिथल्या लोकसाहित्य आयोगाने १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांतल्या वरच्या वर्गांच्या मुलांना वह्या दिल्या आणि घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून आणायला सांगितलं. सुमारे पाच हजार शाळांतून वह्या जमल्या. चामखिळीवर त्यांचे उपाय वाचले तर आपल्याच ओसरीवर बसल्यासारखं वाटतं. गोगलगाय चामखिळीवर घासायची आणि काट्यावर टोचून ठेवायची; ती वाळली की चामखीळ गळणार. दगडाच्या खळग्यात साचलेलं पाणी लावायचं. नाहीतर रानटी झाडाचा पांढरा, झोंबणारा चीक. हा शेवटचा उपाय आणि आजीचा बिब्बा सख्खे भाऊ: झोंबतं ते लावायचं आणि नको ती कातडी जाळून काढायची. आमच्या शाळेत मात्र आजीला विचारून काही लिहून आणा असं कुणी सांगितलं नाही. त्यामुळे मी तो धडा स्वतःच्या अंगावर गिरवला.

झालं असं, की चौथीत असताना आमच्या वर्गात सदरे बदलून जात. धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करतो, त्या जन्मात जात नाहीत, हे मी ऐकलं होतं. एका दुपारी आजी झोपलेली पाहून डबी उघडली. तिच्या पानाच्या चंचीतला चुना घेतला. बिब्बा सुईने टोचून तेल काढलं आणि शाळेच्या सदऱ्याच्या खिशावर नावाचं पहिलं अक्षर काढलं. वर चुना चोळला. तपकिरी रेघ बघता बघता काळीभोर झाली. केवढा आनंद! त्या दिवशी काहीच झालं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी सदरा घालून हिंडलो. तिसऱ्या दिवशी पहाटे बोटं सुजलेली, डोळ्यांच्या पापण्या मिटलेल्या आणि छातीवर डाव्या बाजूला, बरोब्बर खिशाखाली, पाण्याचे फोड. आजीने एकदा पाहिलं आणि कुणाला काही न विचारता डबी उचलून माळ्यावर टाकली. मग मला तीळ आणि खोबरं चावायला लावलं, चावून झालेला चोथा फोडांवर लिंपला, वरून खोबरेल. आठवडाभर शाळा बुडाली. अक्षर सदऱ्यावर राहिलं, सदरा फाटला तरी राहिलं; आईने त्याचं फडकं केलं तेव्हा त्या फडक्यावरही होतं.

दोन दिवस काहीच का झालं नाही, याचं उत्तर रसायनशास्त्रात आहे. बिब्ब्याच्या तेलात भिलावनॉल नावाची द्रव्यं असतात. ती कातडीत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटतात, आणि शरीराचं संरक्षक दळ त्या जोडीला शत्रू समजून चाल करून येतं. ती फौज जमायला दिवस-दोन दिवस लागतात. म्हणून बिब्बा लावताना भाजतो ते वेगळं आणि मागाहून उततो ते वेगळं. हीच द्रव्यं हवा आणि चुना लागला की काळी पडतात, पाण्यात विरघळत नाहीत, म्हणून डाग पक्का. जपानी लोक लाकडी वाट्या-तबकांवर जे चकचकीत उरुशी रोगण चढवतात ते याच कुळातल्या झाडाचं, त्यातलं द्रव्य याच जातीचं, आणि ते काम शिकणाऱ्यांचे हातही असेच उततात. घरची उदाहरणं हवीत तर आंबा आणि काजू. आंब्याच्या देठाचा चीक ओठाला लागून फोड येतात ना, ते या खानदानाचंच लक्षण. कोकणात काजू सोलणाऱ्या बायकांच्या बोटांना विचारा.

संस्कृतात याचं मुख्य नाव भल्लातक. पण दुसरं नाव अधिक बोलकं आहे: अरुष्कर. अरुस् म्हणजे व्रण. व्रण करणारा तो अरुष्कर. तिसरं नाव अग्निमुख. म्हणजे नाव ठेवणाऱ्याने आधी हात पोळून घेतला होता आणि मग ठेवलं. आणि तरीही चरकसंहितेत रसायनाच्या अध्यायात, म्हणजे आयुष्य वाढवणाऱ्या औषधांच्या रांगेत, भल्लातक बसलेला आहे. तिथली पथ्यं वाचताना मला आजीचीच आठवण येते. उन्हाळ्यात निवडक फळं गोळा करायची, जवाच्या नाहीतर उडदाच्या राशीत चार महिने पुरून ठेवायची आणि थंडीत वापरायला काढायची. त्याआधी माणसाला थंड, स्निग्ध, गोड पदार्थांनी तयार करायचं. काढा पिण्यापूर्वी तोंडाला आतून तूप चोपडायचं. सुरुवात दहा बिब्ब्यांनी, रोज एकेक वाढवत तीसपर्यंत, तीसच्या वर नाही, मग तसंच उतरायचं, आणि सगळे मिळून हजाराची मर्यादा. पुढच्या काळातल्या रसशास्त्राच्या वैद्यांनी आणखी एक युक्ती जोडली: बिब्ब्यांची टोपणं कापून ते विटेच्या भुकटीत घोळायचे, घासायचे, म्हणजे भुकटी तेल शोषून घेते, आणि मग गरम पाण्याने धुवायचे. आजीला चरक माहीत नव्हता, वीट माहीत होती. लाडवाचे बिब्बे ती विटेवरच घासायची.

आता प्रवास. भल्लातक हिंदुस्थानातून इराणमार्गे अरबांकडे गेला आणि त्याचा बलादुर झाला. तिथे त्याला एक नवीच नोकरी लागली: स्मरणशक्ती वाढवणं. बगदादच्या वैद्यांचं म्हणणं असं की मेंदू गार आणि ओलसर पडला की विसराळूपणा येतो, तेव्हा उष्ण आणि रुक्ष औषध द्यावं. आणि बिब्ब्याहून उष्ण ते काय असणार? इब्न सिनाच्या ग्रंथात बलादुर आहे. पाठांतर करणारे विद्यार्थी, कारकून, इतिहासकार तो घेत. नवव्या शतकात बगदादला अहमद इब्न याह्या नावाचा मोठा इतिहासकार होऊन गेला. अरबांच्या विजयांचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध आहे, त्यात सिंध जिंकल्याचीही हकीकत आहे. तो इ.स. ८९२ च्या सुमारास वारला. आख्यायिका अशी की बलादुरचा रस पिऊन त्याच्या डोक्यावर परिणाम झाला आणि त्यातच तो गेला. काहीजण म्हणतात, पिणारा तो नव्हे, त्याचा आजा. कोणी का प्यायला असेना, घराण्याला आडनाव लागलं ते अल्-बलादुरी. जग त्याला याच नावाने ओळखतं. सिंधच्या चढाईचा इतिहास लिहिणाऱ्याला सिंधच्या पलीकडच्या रानातलं एक फळ कायमचं चिकटलं, याला काव्यगत न्याय म्हणावं की डाग पक्का निघाला म्हणावं?

त्या प्रदेशातल्या ज्यू पंडितांमध्येही बलादुरची चाल होती. त्यांच्यात एक म्हण पडली: उजळणी कर, पुन्हा उजळणी कर, म्हणजे तुला बलादुर लागायचा नाही. आपल्या शाळामास्तरांना ही म्हण ठाऊक असती तर त्यांनी भिंतीवर लिहिली असती. युरोपात हेच औषध ‘शहाण्यांचा पाक’ म्हणून विकलं गेलं, आणि परिणाम पाहून पुढे एका वैद्याने त्याला ‘मूर्खांचा पाक’ म्हटलं.

आणि मग हे नाव परत आलं. दख्खनमध्ये युनानी हकीम आले ते आपल्या पोथ्या घेऊन, आणि पोथ्यांत माजून बलादुर, म्हणजे बलादुरचा पाक, होता. मस्तगड हा जालन्याचा बालेकिल्ला. निजाम आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने तो १७२५ मध्ये बांधला, त्या सालाचा फारसी शिलालेख तिथे आहे. त्यानंतर १९४८ पर्यंतचा बहुतेक काळ हे गाव निजामीत होतं आणि निजामीत युनानीला राजाश्रय होता. म्हणजे जे फळ इथल्या रानातून भल्लातक म्हणून निघालं, ते हजारेक वर्षांनी फारसी पोशाख चढवून इथल्याच बाजारात बलादुर म्हणून विकायला बसलं. पोत्यात शेजारी त्याचाच भाऊ बिब्बा म्हणून पडलेला. हकिमाने आणि आजीने एकमेकांची औषधं ओळखली असतील असं मला वाटत नाही. दुकानदाराने मात्र ओळखली होती, आणि तो गप्प होता.

‘बिब्बा’ हा शब्द किती जुना? भल्लातकाचा भिलावा झाला हे कानालाच कळतं. बिब्बा, बिबा, बिबवा ही आपली नावं वेगळ्या चुलीवरची. पुण्याच्या बिबवेवाडीच्या नावात ती बसली असावीत. पण छापील पुरावा हवा असेल तर गोव्यात जावं लागतं. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य तिथे राहिला आणि १५६३ मध्ये त्याने गोव्यातच आपला औषधींवरचा संवादग्रंथ छापून घेतला. त्यात या फळावर एक अख्खा संवाद आहे. अरब याला बलादुर म्हणतात आणि हिंदी लोक बिबो, असं तो नोंदवतो. ताकासारख्या आंबट दुधात घालून दम्याला आणि जंतांवर देतात, हेही. आणि पुढची गोष्ट तर कमालीची: हिरवी फळं मिठात घालून लोणचं करतात, त्याला आचार म्हणतात, आणि आमच्याकडे ऑलिव्ह विकतात तसं ते बाजारात विकतात. बिब्ब्याचं लोणचं! युरोपातल्या पोथीपंडितांना विषाचं भय वाटत होतं आणि गोव्याच्या बाजारात ते बरण्यांतून विकलं जात होतं. माझ्या पाहण्यात ते लोणचं कधी आलं नाही. आलं असतं तरी, सदऱ्याच्या प्रकरणानंतर, मी हात मागेच घेतला असता.

युरोपातल्या औषधवाल्यांनी याला नाव दिलं होतं ॲनाकार्डियम, हृदयासारखं दिसणारं. पण पोर्तुगिजांनी ब्राझीलहून काजू आणला, तोही तसाच दिसणारा, आणि अठराव्या शतकात लिनियसने झाडांची नावं पक्की करताना ॲनाकार्डियम हे कुळनाव काजूला देऊन टाकलं. बिब्ब्याचं नाव काजूने नेलं. मग लिनियसच्या मुलाने बिब्ब्यासाठी नवं कुळनाव रचलं, सेमेकार्पस, म्हणजे खूण करणारं फळ. जुनं ॲनाकार्डियम मागे शेपटासारखं जोडून दिलं. ही खूण म्हणजे धोब्याची. इंग्रज साहेबांच्या घरचे कपडे धुवायला जात, परत येताना कॉलरच्या आत एक काळं चिन्ह घेऊन येत. साहेबांचं त्याने काही बिघडलं नाही. बिघडलं ते अमेरिकनांचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेचे शिपाई हिंदुस्थान-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आले, आणि मानेच्या मागे, कमरेला, जिथे जिथे धोब्याची खूण टेकत होती तिथे तिथे त्यांना फोड उठू लागले. १९४३ मध्ये अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात यावर लेख आला. कारण असं निघालं की अमेरिकेच्या रानात पॉयझन आयव्ही नावाची वेल सगळीकडे असते, तिचा चीक बिब्ब्याच्याच जातीचा, आणि या पोरांची कातडी लहानपणीच त्या वेलीने चिडवून ठेवलेली होती. इंग्रजांच्या मुलखात ती वेल नाही. मला हे वाचताना त्या शिपायांबद्दल फार जवळीक वाटली. त्यांचीही अंगावरची जागा कपड्यावरच्या खुणेने ठरली होती.

औषध म्हणून बिब्बा मागे पडला तरी भाषेने त्याला सोडलं नाही. ठरत आलेली सोयरीक, जमत आलेला सौदा. कुणीतरी येतो आणि बिब्बा घालतो. कुठून आली ही बोली? माझा तर्क आजीच्या दुधाच्या वाटीपाशी जातो. एक थेंब औषध आणि दुसऱ्या थेंबाला वाटी मोरीत. घालणारा फार काही घालत नाही, थेंबभरच घालतो. म्हणून तर त्याला पकडता येत नाही. विष कालवणं निराळं. बिब्बा घालणारा बहुतेक वेळा भल्यासाठीच बोलत असतो.

गोडंबीची बात राहिली. बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात ती आमच्याकडे लागतेच, आणि ती स्वस्त नसते. का नसते ते बिब्बे फोडणाऱ्या बायकांचे हात पाहिले की कळतं. विदर्भात आणि आमच्या बाजूलाही घरोघर हे काम चालतं. दगडावर बिब्बा उभा धरायचा, वरून ठोकायचं, टरफल उडालं की पांढरा गर अख्खा निघाला पाहिजे. तुकडा पडला की भाव पडला. तेलाचा शिंतोडा कुठे उडेल सांगता येत नाही. हाताला तेल, राख लावून बसतात, तरी बोटांची कातडी काळी, तडकलेली, अंगठ्याच्या रेषा पुसलेल्या. एकीने मला सांगितलं होतं, रेशनच्या मशीनवर अंगठा उठत नाही. बाळंतिणीच्या ताटात पांढरीशुभ्र गोडंबी आणि फोडणारीचा अंगठा यंत्राला अमान्य, एवढं अंतर त्या एका टरफलाच्या जाडीचं.

सरकारी औषध नियमांत आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची एक यादी आहे. अफू, धोतरा, बचनाग यांच्या पंगतीला भल्लातक आहे. ते योग्यच. पोटदुखीला म्हणून पोराच्या पोटावर बिब्ब्याचे चटके देऊन भाजलेल्या रुग्णांची वर्णनं त्वचारोगाच्या नियतकालिकांतून छापून येतात, आणि आजीचा थेंब आता कुणाच्याच हातात उरलेला नाही. मी स्वतः घरात बिब्बा ठेवत नाही.

तरी परवा मस्तगडाहून उतरून बाजारात गेलो होतो, सुनेच्या डिंकासाठी. काष्ठौषधीच्या दुकानात वेखंड आणि सुंठीच्या वासात उभा राहिलो आणि उगाच विचारलं, "बिब्बा आहे का?"

मालक नव्या पिढीचा, फोनवर बोलत होता. त्याने मान वर न करता विचारलं, "लाडवाला, औषधाला का नजरेला?"

"तिन्हींचा वेगळा असतो का?"

"एकच आहे," तो म्हणाला, आणि पोत्यात हात घालण्याआधी त्याने शेल्फावरच्या वाटीतलं खोबरेल बोटांना लावून घेतलं.